फौजदाराचा होकार

“पडलं, पडलं! आता बगा, झाडतोय!” महादू गुरव ओरडला आणि जाखाईच्या देवळापुढं जमलेली सगळी भावकी एकदम पुढं वाकली.

बोकडानं काही झाडलं नाही. पाठीवरचं पाणी निथळून दाढीच्या टोकाशी आलं, तिथून टपकलं, आणि तो गळ्यातली झेंडूची माळ खात राहिला. मान वाकडी करून, एकेक फूल हुडकून, तो आपलाच हार सावकाश संपवत होता.

“ऊन झालं आसंल पानी,” कोणीतरी म्हणालं. “गार आना.”

गार पाणी आलं. तेही पाठीवर पडलं. बोकडानं डोळे किलकिले केले आणि पुढचं फूल तोंडात घेतलं.

पिंपरणीत रिवाज असा होता, की नवसाचा बोकड कापण्याआधी त्याच्या अंगावर देवीचं तीर्थ शिंपडायचं. त्यानं सर्वांग झाडलं, की त्याला ‘होकार’ म्हणायचं. होकार आला म्हणजे देवीनं बोकड घेतला आणि बोकडही राजी आहे, असं धरून पुढच्या कामाला लागायचं. होकाराशिवाय सुरी लावायची नाही, हा नियम फार कडक होता. तो पाळताना आजवर कोणाला अडचण आली नव्हती, हेही तितकंच खरं, कारण अंगावर पाणी पडल्यावर न झाडणारा बोकड पिंपरणीनं पाहिलेलाच नव्हता.

मी तेव्हा नवा जावई. मला फेटा बांधून घोंगडीवर मधोमध बसवलं होतं. वकिलीची सनद घेऊन वर्ष होत आलं होतं आणि साताऱ्याच्या कोर्टात मला ओळखत होते ते फक्त चहावाले. तरी पिंपरणीत माझा रुबाब मोठा. त्याला कारण होतं. माझी बायको इंदू बी. ए. झालेली, उंच आणि तोंडानं फटकळ. बघायला आलेले पाहुणे चहा घेऊन जे जायचे ते पुन्हा फिरकायचे नाहीत. शेवटी माझे सासरे, आबा, यांनी देवीला साकडं घातलं, पोरीला शिकलेला नवरा मिळू दे, तुला बोकड देईन. त्यावर काही महिन्यांत मी उगवलो. म्हणजे त्या बोकडावर ही वेळ आली होती ती सरळसरळ माझ्यामुळं.

बोकडाचं नाव फौजदार. आबांच्या थोरल्या बहिणीनं, हौसाआत्यांनी, ते ठेवलं होतं. आत्यांना मूलबाळ नव्हतं, नवरा जाऊन जमाना झाला होता. त्या गावाबाहेर शेतातल्या वस्तीवर एकट्या राहायच्या. करडू जन्मलं आणि त्याची आई गेली, तेव्हा आत्यांनी त्याला बाटलीनं गाईचं दूध पाजून वाढवलं. पुढं वस्तीवर कोणी गेलं की हा दारात आडवा उभा राहून येणाऱ्याला खालून वर न्याहाळायचा. चौकशी पुरी झाल्याशिवाय आत सोडायचा नाही, म्हणून फौजदार.

नवस फेडायची वेळ आली तेव्हा घरात दुसरा बोकड नव्हता. आबा वस्तीवर जाऊन बहिणीला तसं सांगून आले. आत्या “बरं” म्हणाल्या, एवढंच. घरातल्या सगळ्यांनी तो होकार धरला.

आता आत्या फौजदाराची दोरी धरून देवळाच्या पायरीशी उभ्या होत्या.

ऊन डोक्यावर आलं. चुलाणं पेटलेली होती, वाटलेल्या मसाल्याचा वास सुटला होता आणि लोकांच्या पोटात कावळे ओरडायला लागले होते. गुरवानं घंटा वाजवून पाहिली. एकानं उपरण्यानं वारा घातला. वाऱ्यानं थंडी वाजेल, असा त्याचा हिशेब. फौजदाराला वारा आवडला. तो त्या बाजूला तोंड करून उभा राहिला.

“कानात घाला पानी,” तात्या म्हणाले. तात्या म्हणजे आबांचे धाकटे भाऊ. स्वयंपाकाची सगळी व्यवस्था त्यांच्याकडं होती आणि तव्यावरची कलेजी पहिल्यांदा चाखायचा मानही. “कानात थेंब गेला की कसा झाडत न्हाई बगतो.”

“कानात न्हाई घालायचं,” हौसाआत्या म्हणाल्या.

“का गं आक्का?”

“आजवर कुनाच्या घातलंय? पाठीवर घालायची रीत. तुमी घातलं. त्येनं न्हाई झाडलं. झालं.” मग त्या एकदम माझ्याकडं वळल्या. “काय वकीलसाहेब? तुमच्या कोर्टात चालतंय का आसं कानात पानी घातल्यालं?”

कायद्याचा प्रश्न कोणीतरी आपल्याला विचारावा, म्हणून मी वर्षभर झुरत होतो. मला मोह आवरला नाही.

“नाही चालत,” मी फेटा सावरत म्हणालो. “कानात पाणी घालून घेतलेला होकार म्हणजे मारून घेतलेला कबुलीजबाब. कोर्ट तो ग्राह्य धरत नाही.”

सगळे हसले. तात्यांनी मांडीवर थाप मारली. “घ्या! बोकडानं वकील दिला!”

वाट बघून कंटाळलेल्या लोकांना करमणूक हवीच होती. “हून जाऊ दे, हून जाऊ दे,” असा गलका झाला. महादू गुरव पायरीवर न्यायाधीशासारखा बसला. तात्या देवीच्या बाजूचे वकील म्हणून कमरेवर हात ठेवून उभे राहिले. मीही घोंगडीवरून उठलो. माझ्या आयुष्यातला पहिला खटला उभा राहिला होता आणि माझं अशील माळेतलं शेवटचं फूल चघळत होतं.

“माजं म्हननं सरळ हाय,” तात्यांनी सुरुवात केली. “जनावराला काय कळतंय? त्येच्या होकाराचं येवढं काय घिऊन बसलाय?”

“कळत नसेल तर विचारता कशाला?”

“रीत हाय म्हनून.”

“आणि कळत असेल तर त्यानं नाही म्हटलेलं ऐकत का नाही? तात्या, दोन्हींपैकी एक काहीतरी धरा. विचारायचं असेल तर नकार ऐकायची तयारी ठेवा. ती नसेल तर विचारण्याचं नाटक नको. सरळ म्हणा, आम्हाला खायचंय म्हणून कापतो. त्यात देवीला ओढू नका आणि त्यालाही ओढू नका.”

“वाऽ!” मागून कोणीतरी म्हणालं. माझी छाती फुगली. समोरचा पक्ष गारद झाला असं मी धरून चाललो आणि उपरणं खांद्यावर टाकलं.

तात्यांनी डोकं खाजवलं. मग अगदी प्रेमानं म्हणाले, “पाव्हणं, काल सांच्याला कोंबडी वरपली तुमी. पुन्हा पुन्हा रस्सा मागून घेतला. मी वाढत हुतो. ती काय होकार दिऊन तुमच्या ताटात आली हुती?”

मी उपरणं खांद्यावरून काढलं. फेट्याखाली घाम फुटला. कोर्ट असतं तर हा प्रश्न अप्रस्तुत आहे म्हणून मी हरकत घेतली असती. पण तो अप्रस्तुत नव्हता. काय करायचं? बायकांच्या बाजूनं खुसखुस ऐकू आली, त्यात इंदूची मला ओळखू आली.

“नाही,” मी म्हणालो. “तिला कोणी विचारलंच नव्हतं.”

“मग?”

“मग काही नाही. तुमचं बरोबर आहे.”

तात्या चपापले. त्यांचं बरोबर आहे असं भावकीत आजवर कोणी म्हटलं नसावं.

“झाला आसंल खेळ, तर माजं ऐका.”

आबा उठले होते. ते इतका वेळ देवळाच्या खांबाला टेकून बसलेले. अंगानं दणकट, पण आवाज कापत होता. “तुमचं वकिली बोलनं मला कळत न्हाई जावईबापू. नवस मी बोललोय. उद्या इंदूला काय झालं, तिच्या संसारात काय इपरीत घडलं, तर मी देवीला काय सांगू? बोकड गप हुता म्हनून सांगू?”

हसणं थांबलं. आबांची ती भीती खरी होती. इंदूवर त्यांचा जीव होता, आणि तो पणाला लागल्यासारखे ते तिथं उभे होते. मला माझ्या बडबडीची लाज वाटली.

मग बायकांमधून इंदू उठली. नव्या साडीच्या निऱ्या सावरत ती सरळ फौजदाराजवळ येऊन उभी राहिली.

“आबा, मला बगायला पाव्हणं यायचं, तवा मी खाली मान घालून गप बसायची. तुमी म्हनायचा, पोरगी गप हाय म्हंजी तिचा होकार हाय. आता ह्यो गप हाय, तर म्हंता पानी कमी पडलं. गप बसन्याचा एकदा एक अर्थ, एकदा दुसरा. आमी करावं तरी काय?”

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी मात्र चांगलाच दचकलो, कारण मी बघायला गेलो होतो तेव्हाही ही गप्पच होती. तुमच्या वेळी मी मान वर केली होती, असं ती अजून सांगते. मी त्यावर फार खोलात जात नाही.

“माज्या संसारासाठी म्हनून ह्येला कापलं,” इंदू हळू आवाजात म्हणाली, “तर संसारात ते रोज आठवंल मला. त्यो आशीर्वाद हुतोय का आबा?”

आबांनी तोंड फिरवलं. त्यांना तिचं ऐकायचं होतं, पण बोललेला नवस आडवा येत होता. आणि त्या क्षणी, देवीची कृपा म्हणा किंवा कायद्याची, मला एक गोष्ट सुचली.

“आबा, नवस नेमका कोणत्या शब्दांत बोललात?”

“शब्दांत म्हंजी? आई जाखाई, इंदूला शिकल्याला नवरा मिळू दे, तुला बोकड देईन.”

“देईन म्हणालात? कापीन नाही म्हणालात?”

“कापीन आसं कोन म्हनतं? देईनच म्हनत्यात समदी.”

“मग द्या. बोललात तसा, आहे तसा द्या. तिचा बोकड, तिच्या दारात. त्याचं काय करायचं ते ती बघेल.”

सगळे गुरवाकडं बघायला लागले. नवसाच्या बोकडाची मुंडी गुरवाची असते, ती हातची जाणार होती. महादूनं फौजदाराकडं पाहिलं, गाभाऱ्यात पाहिलं, डोक्यावरच्या उन्हाकडं पाहिलं. मग सुस्कारा टाकून म्हणाला, “देवीला सोडला म्हना. चालतंय. माज्या आज्याच्या वक्ताला एक कोंबडा सोडला हुता.”

आबांना पटायला वेळ लागला. ते गाभाऱ्यात जाऊन बराच वेळ हात जोडून उभे राहिले. बाहेर आले, फौजदाराच्या कपाळाला कुंकू लावलं आणि हौसाआत्यांच्या हातातून दोरी घेऊन स्वतः सोडली. सोडल्यावर त्यांचा चेहरा असा मोकळा झाला, की इतका वेळ दोरी त्यांच्याच गळ्यात होती की काय, असं वाटावं. फौजदार पायऱ्या चढून आत गेला आणि देवीपुढचा नैवेद्य खाऊ लागला. त्याला हाकलायचा अधिकार आता कोणालाच नव्हता.

मटणासाठी वाटलेल्या त्या झणझणीत मसाल्यात वांगी आणि बटाटे पडले. लोक जेवले, आणि चांगले जेवले. तात्या मात्र रश्श्यात पळी फिरवून फिरवून काहीतरी शोधत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं आम्हाला निघायचं होतं. सकाळी आत्यांच्या पाया पडायला आम्ही वस्तीवर निघालो. वाटेत इंदूला शाळेतली मैत्रीण भेटली, म्हणून मी एकटाच पुढं झालो. जिंकलेला वकील होतो मी. शीळ घालत चाललो होतो.

वस्तीच्या विहिरीवर आत्या फौजदाराच्या अंगावर बादली ओतत होत्या. फौजदार रात्रीच देवळातून चालत घरी आला होता. आत्यांनी पहिली बादली ओतली, दुसरी ओतली, साबणाची वडी त्याच्या पाठीवर फिरवली, पुन्हा पाणी ओतलं. फौजदार डोळे मिटून रवंथ करत उभा. एक केससुद्धा त्यानं हलवला नाही.

मी शीळ थांबवली. “आत्या, हे काय?”

“आंगुळ.”

“रोज घालता?”

“रोज. इंदूचं लगीन ठरलं त्या दिसापासनं.” आत्यांनी लपवाछपवी केली नाही. “पैल्यांदा लई झाडायचा. मला पार भिजवून काढायचा. मग झाली सवं.”

मी विहिरीच्या काठावर बसलो. माझा सगळा खटला माझ्या डोळ्यांदेखत वाहून चालला होता. “म्हणजे काल त्यानं नकार दिलाच नव्हता. तुम्ही शिकवलेला साक्षीदार उभा केलात. आणि मी मूर्ख त्याच्यावर भाषण ठोकलं!”

“बोललात बाकी झ्याक.” आत्या फौजदाराच्या कानामागचा साबण पुसत होत्या. “पर मला सांगा, काल त्येनं झाडलं आसतं, तर त्यो होकार त्येचा आसता व्हय? पानी पडलं की कुनीबी झाडतंय. तुमच्यावर वतू का बादली?”

“नको, नको!” मी पाय वर घेतले.

“बगा. तुमी नगं म्हनला, मला कळलं. त्येलाबी येतंय की सांगाया. कुत्रं आलं की पळतंय. पाला दिसला की धावतंय. मी घटकाभर दिसली न्हाई तर वरडून वस्ती डोक्यावर घेतंय. त्येला जगायचंय, आजून काय म्हनायचं त्येनं? समद्या पिंपरणीला ऐकू येतंय. ऐकायचं नसतंय, म्हनून पानी वतत्यात.”

मी काल एवढं बोललो होतो, पण माझं सगळं बोलणं बोकडानं होकार दिला की नकार, एवढ्यावरच होतं. त्याला जगायचं आहे की नाही, हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. खरं तर तो विचारायचीही गरज नव्हती, उत्तर समोर दिसत होतं.

“आणि देवी?” मी म्हणालो. “तिला फसवलंत की.”

आत्यांनी हातानं दाखवलं. शेताच्या पल्याड, बाभळींच्या वर देवळाचा कळस दिसत होता. “तिच्या देखत तर रोज आंगुळ घालत हुते. काय म्हनली न्हाई. तीबी गपच बसली.”

त्या हसल्या आणि हसता हसता एकदम रडायला लागल्या. “लई भ्या वाटत हुतं वो काल. दोरी धरून निस्ती त्येच्या पाठीकडं बगत हुते. म्हटलं, आज नेमकं झाडलं तर?” त्यांनी ओल्याच हातानं डोळे पुसले. फौजदारानं त्यांच्या कोपराला ढुशी दिली, पुढची बादली कुठाय म्हणून.

हे कोणाला सांगणार नाही, असं मी त्यांना तिथं कबूल केलं आणि पाळलंही. आता आत्या नाहीत, आबा नाहीत. फौजदार देवीचा बोकड म्हणून गावभर मिरवला, कोणाच्याही अंगणात घुसून खात राहिला आणि म्हातारा होऊन आत्यांच्या दारातच मेला. तेव्हा सांगायला हरकत नाही.

इंदूला घेऊन घरी परतलो, तर अंगणात ही धांदल उडालेली. मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, पदर खोचून एका तांबड्या कोंबडीच्या मागं धावत होत्या. जावई काल वांग्यावर जेवला, आज त्याला तसं पाठवायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलेलं. कोंबडी गाडीखाली शिरली, तिथून सरपणाच्या ढिगावर चढली, तिथून फडफडत थेट माझ्या पायांत आली आणि मला वळसा घालून गोठ्याकडं सुटली. तात्या दोन्ही हात पसरून तिची वाट अडवायला उभे होते. ती त्यांच्या पायांमधून निसटली.

सगळे हसत होते. आबासुद्धा. मीही हसत होतो. आणि हसता हसता मी तिच्याकडं नीट पाहिलं. चोच उघडी, मान पुढं काढलेली, अंगात होतं नव्हतं तेवढं बळ एकवटून ती धावत होती.

“आरं, हिला झालंय तरी काय!” तात्या धापा टाकत ओरडले. “थांबंना कशी!”

“तात्या,” मी म्हणालो, “नाही म्हणतेय ती.”